टपालरावांनी बदललेल्या नळ्या

काकूंची गाडी तपासणीत दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा टपालरावांना स्वतः नापास झाल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. स्वतः नापास होण्याचा त्यांना शाळेपासून सराव होता. गाडीची ही नुकतीच सुरुवात होती.

गाडी म्हणजे पस्तीस वर्षांची, पावाच्या लादीसारखी दिसणारी निळी व्हॅन. आत दोन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर अकराशे पुस्तकं आणि दारावर काकूंच्या अक्षरात ‘फिरतं वाचनालय’. दर शनिवारी काकू ती स्वतः चालवत चार वस्त्यांत नेत. मुलं मागच्या पायरीवरून आत चढत आणि टपालराव दाराशी स्टुलावर बसून कार्डांवर शिक्के मारत. मग काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी दोन वर्षं इमारतीच्या आवारात उभी राहिली. आता गुडघा कामाला लागला होता, पण गाडी लागत नव्हती. इंजिन सुरू करताच खालून टपटप. तपासणी केंद्रातल्या निरीक्षकाने दोन्ही वेळा एकच शेरा मारला होता: ‘इंधन गळती’. तिसरी आणि शेवटची तपासणी गुरुवारी होती. तेव्हाही गाडी गळाली तर नोंदणी रद्द होऊन ती थेट भंगारात जाणार, असं कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं. शिक्षा नेहमी बारीक अक्षरातच का छापतात, हा एक स्वतंत्र विषय आहे.

काकूंनी घरी येताच कपाट उघडलं. त्यांनी वाचकांची कार्डं एका डब्यात भरली आणि डब्याला दोरीने गाठ मारली. बोलल्या असत्या तर परवडलं असतं. गाठ बघून टपालरावांच्या तोंडून निघून गेलं, “गुरुवारी एक थेंब गळणार नाही. माझी जबाबदारी.”

काकूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. ‘माझी जबाबदारी’ हे शब्द त्यांनी या माणसाच्या तोंडून संसारात पहिल्यांदाच ऐकले होते. टपालरावांनी चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या टपाल शाखेत काढली होती. आलेल्या कागदावर आवक क्रमांक, निघालेल्या कागदावर जावक क्रमांक आणि मधल्या वेळात चहा. त्यांच्या टेबलावरून एकही कागद कधी गहाळ झाला नाही आणि एकही कागद त्यांनी कधी वाचला नाही. आत काय आहे हे बघणं टपाल शाखेचं काम नव्हे, हे त्यांचं ब्रीद. नाव लोकांनी दिलं होतं, पण ते त्यांनी पदवीसारखं स्वीकारलं होतं.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री शनिवारी येऊन गाडीखाली सरपटला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. त्याच्या हातात रबराचा एक तुकडा होता. तो त्याने वाकवला, तर बिस्किटासारखा मोडला. पेट्रोलच्या दोन्ही नळ्या वाळून तडकल्या होत्या. एक टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणारी, दुसरी इंजिनाला जास्त झालेलं पेट्रोल टाकीत परत आणणारी. दोन्ही बदलायच्या, म्हणजे झालं. तासाभराचं काम होतं, तो सोमवारी येऊन करणार होता. फक्त त्याआधी टाकी रिकामी करून ठेवायची, कारण भरल्या टाकीखाली झोपून नळ्या काढायच्या, तर त्याला घरी बायको-मुलं होती.

टाकी मात्र अजून जवळजवळ काठोकाठ होती. दोन वर्षांपूर्वी गाडी उभी करायची ठरल्यावर पहिल्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले होते की टाकी भरून ठेवा, भरलेली टाकी गंजत नाही. मास्तर भूगोल शिकवायचे, त्यामुळे लोखंडाबद्दल त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. आता त्या टाकीत बत्तीस लिटर पेट्रोल होतं.

ते काढून ठेवायचं कुठे, हा प्रश्न टपालरावांनी रीतसर सोसायटीच्या सेक्रेटरींपुढे मांडला. सेक्रेटरी म्हणाले, आवारात पेट्रोल साठवता येणार नाही, नियम आहे. टपालरावांनी लक्षात आणून दिलं की ते दोन वर्षं आवारातच आहे. सेक्रेटरींनी विचार करून सांगितलं की ते गाडीत आहे, आवारात गाडी आहे. आणखी काही विचारायचं असेल तर अग्निशमन कार्यालयात जा.

अग्निशमन कार्यालयातला अधिकारी सज्जन निघाला. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. टाकीत आहे तोवर ते इंधन. डब्यात उतरलं की साठा. इंधनाला परवानगी लागत नाही, साठ्याला लागते. त्यासाठी अर्ज तीन प्रतींत, सोबत जागेचा नकाशा, शेजाऱ्यांची ना हरकत आणि तीस दिवसांचा अवधी. टपालरावांनी अर्ज चाळला. अर्ज सुरेख होता, समास सरळ, रकाने मोजून आखलेले. असा अर्ज पाहिला की माणसाला आपल्याकडे पेट्रोल असल्याचा अभिमान वाटतो. पण गुरुवार तीस दिवसांवर नव्हता. मग ते पेट्रोल पंपावर गेले. पंपावरच्या माणसाला आपण पेट्रोल विकतो हे माहीत होतं. कुणी परत आणून देईल ही कल्पनाच त्याला नवी होती. त्याने आतल्या दोघांना बोलावलं आणि टपालरावांना सगळं पुन्हा सांगायला लावलं. त्या दोघांनीही मन लावून ऐकलं. पेट्रोल घेतलं नाहीच.

तोडगा काढला तो मेहुण्याने. काकूंचा धाकटा भाऊ प्रत्येक गोष्टीतला जाणकार होता आणि त्याला कशाचाही अनुभव नव्हता. तो म्हणाला, “भाऊजी, डब्यात साठा होतो ना? मग डब्यात ठेवायचंच कशाला? सरळ लोकांच्या टाक्यांत घाला.”

कल्पनेत खोट काढायला जागा नव्हती. रविवारी सकाळी टपालरावांनी आवाराच्या मधोमध मोकळ्या हवेत मांडामांड केली. गाडीची बॅटरी सोडवली, वाळूच्या चार बादल्या ठेवल्या, आग विझवायचा लाल सिलिंडर हाताशी घेतला आणि ‘विडी-काडी बंद’ अशी पाटी लावली. पाटी लागताच दोन माणसं काय चाललंय ते बघायला विड्या ओढत आली. त्यांना वाळूच्या बादलीपाशी नेऊन विड्या विझवून घेण्यात आल्या आणि रांगेत उभं करण्यात आलं. एव्हाना रांग झालीच होती. फुकट पेट्रोलची बातमी सांगावी लागत नाही. अकरा स्कूटर आणि सेक्रेटरींची मोटार. सेक्रेटरींनी आपल्याला दहा लिटर मिळावं असं सुचवलं, कारण परवानगीचा प्रश्न शेवटी त्यांनीच सोडवला होता. मास्तरांची स्कूटर सगळ्यांत पुढे होती. टपालराव मोजून पेट्रोल घालत आणि ‘मिळाले’ असं लिहून सही घेत. दुपारपर्यंत टाकी कोरडी झाली आणि टपालरावांना आयुष्यात प्रथमच कळलं की आपण लोकप्रिय आहोत. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तर म्हणाल्या, असा माणूस कमिटीवर हवा.

ही लोकप्रियता सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत टिकली.

आठ वाजता आवारात किका मारण्याचा आवाज सुरू झाला. आधी एक, मग तीन, मग अकरा. एखादी स्कूटर खोकून सुरू होई, फाटकापर्यंत जाई आणि तिथे प्राण सोडी. सेक्रेटरींची मोटार फाटकात आडवी बंद पडली, त्यामुळे ज्यांच्या स्कूटर अजून धुगधुगत होत्या त्यांनाही बाहेर जाता येईना. त्याच वेळी कबूल केल्याप्रमाणे मिस्त्री हजर झाला. त्याने मास्तरांच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि मान मागे घेतली. दोन वर्षांचं शिळं पेट्रोल. व्हॅनचं जुनं इंजिन ते कसंबसं पचवत होतं, स्कूटरना ते पचेना. रंगाच्या जुन्या डब्यासारखा वास मारत होतं. प्रत्येक गाडीचा कार्बोरेटर उघडून धुवावा लागणार होता. मास्तर म्हणाले, त्यांनी टाकी भरायला सांगितली होती, पेट्रोल शिळं करायला नाही.

टपालराव मिस्त्रीचा हात धरून त्याला व्हॅनकडे नेऊ लागले, तेव्हा दुसरा हात सेक्रेटरींनी धरला. तिथल्या तिथे तातडीची सभा झाली. ठराव असा, की मिस्त्री आधी सभासदांच्या गाड्या दुरुस्त करील आणि ज्यांच्यामुळे हे घडलं त्यांच्या गाडीकडे सर्वांत शेवटी वळेल. ठराव एकमताने संमत झाला. त्याचं इतिवृत्त टपालरावांनीच लिहिलं, कारण दुसऱ्या कुणाला ते लिहिता येत नव्हतं. ते त्यांनी इतकं नेटकं लिहिलं की सेक्रेटरींनी भर सभेत त्यांचं कौतुक केलं.

मिस्त्रीने हिशेब केला. शुक्रवारच्या आत तो मोकळा होत नव्हता.

संध्याकाळी काकूंनी जेवताना विचारलं, “मग?”

“मग काय. मी स्वतः बसवतो,” टपालराव म्हणाले. काकूंनी पोळीचा तुकडा ताटातच ठेवला.

मिस्त्री मनाने वाईट नव्हता. मंगळवारभर तो एकेक स्कूटर खोलत असताना टपालराव शेजारी बसून त्याच्या सूचना वहीत उतरवत होते. नळी पेट्रोलसाठीचीच घ्यायची, पाण्याची नको. पाण्याची पेट्रोलमध्ये विरघळते. क्लिपा नव्या घ्यायच्या. आधी बॅटरी सोडवायची. काम उघड्यावर करायचं. आणि शेवटची सूचना मिस्त्रीने तोंडातला स्क्रू काढून मुद्दाम दिली, “काका, एक नळी काढली की तिथेच नवी लावा. मग दुसरीला हात घाला.”

पहिल्या चार सूचना टपालरावांनी तंतोतंत पाळल्या. पाचवी त्यांना अडाणीपणाची वाटली. एक काढा, एक लावा, ही काय पद्धत झाली? चौतीस वर्षांच्या कामातून त्यांना एवढं कळलं होतं, की आधी सगळं बाहेर काढावं, प्रत्येक गोष्टीवर चिठ्ठी लावावी, मग चिठ्ठीप्रमाणे जागच्या जागी ठेवावं. चूक होण्याची शक्यताच उरत नाही.

बुधवारी सकाळी ते टाकीपाशी गाडीखाली शिरले आणि पुढची सीट उचलून मेहुणा इंजिनात वाकला. दोन्ही जुन्या नळ्या एकदम निघाल्या. टाकीच्या दोन तोट्या उघड्या पडल्या. एकीतून पेट्रोल बाहेर जातं, तिला टपालरावांनी ‘जावक’ अशी चिठ्ठी बांधली. दुसरीतून परत येतं, तिला ‘आवक’. तिकडे मेहुण्यालाही तसंच करायला सांगितलं. त्यानेही चोख काम केलं. इंजिनात पेट्रोल येतं त्या तोटीला ‘आवक’, उरलेलं परत जातं तिला ‘जावक’. मग टपालरावांनी दोन नव्या नळ्या कापल्या, एकीवर आवक लिहिलं, एकीवर जावक. आवकला आवक जोडलं, जावकला जावक. चारही क्लिपा आवळल्या. चिठ्ठ्या जुळल्याची दोघांनी आळीपाळीने खात्री करून घेतली.

मेहुण्याने पाच लिटर ताजं पेट्रोल आणून घातलं. बॅटरी जोडली. काकूंनी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. टपालराव पोटावर पडून खाली बघत राहिले. एक मिनिट झालं. एक थेंब नाही. त्यांनी गाडी लगेच बंद करायला लावली, सुखाची परीक्षा फार वेळ पाहू नये म्हणून. संध्याकाळी काकूंनी डब्याची गाठ सोडली नाही, पण डबा कपाटातून काढून टेबलावर ठेवला.

गुरुवारी सकाळी गाडी सुरू झाली, फाटकापर्यंत गेली आणि गप्प बसली. काकूंनी दहा वेळा किल्ली फिरवली. इंजिन कण्हत होतं, पेटत नव्हतं. कार्बोरेटरमध्ये साचलेलं चमचाभर पेट्रोल संपलं होतं आणि नवं येत नव्हतं, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक? सोसायटीचे सभासद मात्र मदतीला धावले. व्हॅन फाटकाबाहेर जावी ही त्यांची मनापासून इच्छा होती. ढकलताना मास्तरांनी विचारलं, टाकी भरली होती ना? टपालरावांनी ऐकलं नाही. पुढे भाजीच्या एका टेम्पोने दोरी लावून गाडी तपासणी केंद्राच्या आत आणून सोडली आणि भाजी सुकेल म्हणून तो निघून गेला.

निरीक्षक तरुण होता, कडक इस्त्रीचा. त्याने पुढचं इंजिन, मागचे दिवे वगैरे काही पाहिलं नाही. तिसरी तपासणी फक्त मागच्या शेऱ्यापुरती असते, असं त्याने सांगितलं. तो वाकला, टॉर्च मारून नळ्या पाहिल्या, जमीन पाहिली. सगळं खडखडीत कोरडं. त्याने ‘गळती नाही’ असं लिहून शिक्का मारला, शेजारच्या टेबलावरच्या रजिस्टरात नोंद केली आणि कागद काकूंच्या हातात ठेवला. एकूण चार मिनिटं.

टपालराव कागदाकडे पाहत राहिले. शिक्का अगदी सरळ बसला होता. त्यांच्या मते इथे गोष्ट संपत होती.

काकूंनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. टपालरावांच्या घरात ही सवय फक्त काकूंची होती.

“साहेब, गाडी सुरूच झालेली नाही,” त्या म्हणाल्या. “पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही. मग गळेल कुठून?”

“तो माझ्या शेऱ्याचा भाग नाही, बाई.”

“अहो, जाऊ दे ना,” टपालराव हळूच म्हणाले.

“जाऊ दे कसं? या गाडीत मुलं चढतात. एका वेळी दहा-बारा. गळत नाही असा कागद नकोय मला. गळत नाही ते बघायचंय.”

निरीक्षकाने टोपी काढून पुन्हा घातली. तो म्हणाला, सुरू करून पाहिली आणि गळाली, तर गाडी भंगारात जाईल. हे त्यांना समजलंय ना?

“समजलंय,” काकू म्हणाल्या. “जाऊ द्या मग.”

हे बोलताना त्यांनी गाडीकडे बघायचं टाळलं. टपालरावांनी ते पाहिलं. ते शर्टासकट गाडीखाली शिरले, आपला चेहरा तरी कुणाला दिसू नये म्हणून. खाली समोर त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी लोंबत होती. आवक. ती त्यांनी वाचली. आयुष्यात प्रथमच नुसता शब्द न वाचता त्याचा अर्थ वाचला. टाकीची आवक, म्हणजे परत आलेलं पेट्रोल जिथे पडतं ती वरची तोटी. तीच त्यांनी इंजिनाच्या आवकला जोडली होती. एका टेबलाची जावक ही पुढच्या टेबलाची आवक असते, हे चौतीस वर्षं रोज हाताखालून जात होतं. इंजिन बिचारं टाकीच्या छतापाशी तोंड लावून हवा ओढत बसलं होतं.

ते बाहेर आले. स्वतःची चूक जाहीर करण्याचा त्यांना सराव नव्हता, म्हणून त्यांनी ती कार्यालयीन भाषेत सांगितली. जोडणीत अनवधानाने अदलाबदल झाली असून दुरुस्ती करण्यात येत आहे. मग त्यांनी बॅटरी सोडवली, सिलिंडर जवळ ठेवला आणि निरीक्षकाला सिगारेट पाकिटात परत ठेवायला लावली.

“आजोबा, हे केंद्र माझं आहे,” निरीक्षक म्हणाला.

“हो. पण पेट्रोल आमचं आहे,” टपालराव म्हणाले. आजोबा हा शब्द त्यांना लागला होता. निरीक्षकाने सिगारेट ठेवली.

टाकीपाशी दोन क्लिपा सैल करायच्या, नळ्यांची अदलाबदल करायची, क्लिपा आवळायच्या. या वेळी त्यांनी चिठ्ठ्या काढून खिशात टाकल्या आणि नळी कुठून कुठे जाते हे बोट लावून पाहिलं. बॅटरी जोडली. काकूंनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा कण्हलं, एकदा शिंकलं आणि सुरू झालं, आणि सुरू राहिलं.

टपालराव आणि निरीक्षक वाकले, काकूंनी खिडकीतून मान बाहेर काढली.

टाकीजवळच्या क्लिपेखाली एक थेंब जमत होता. आधी टाचणीच्या डोक्याएवढा, मग वाटाण्याएवढा. तो सावकाश सुटला आणि जमिनीवर पडला. काकूंनी किल्ली बंद केली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसल्या.

“संपलं,” निरीक्षक म्हणाला. “द्या तो कागद. फाडायला लागेल.”

टपालरावांनी काकूंच्या हातातून कागद घेतला. तो त्यांनी दिला नाही. ते टेबलापर्यंत गेले, रजिस्टर पाहिलं आणि परत आले.

“जावक क्रमांक पडलाय, साहेब.”

“मग?”

“आता फाडता येणार नाही. रद्दच करायचा तर कारण लिहून वरिष्ठांना लेखी खुलासा द्यावा लागेल. बंद गाडीचं इंजिन सुरू न करता गळती नाही असं प्रमाणित केलं, हे त्यात यायला हवं. मसुदा मी करून देतो. माझा हात बसलाय.”

त्यांच्या आवाजात धमकी अजिबात नव्हती. ते खरोखरच मसुदा करून द्यायला तयार होते. निरीक्षकाला त्याचीच भीती वाटली असावी. त्याने रजिस्टरातला क्रमांक पुन्हा पाहिला. मग त्याने टोपी टेबलावर ठेवली, बाह्या वर केल्या आणि हात पुढे केला.

“पाना द्या.”

“आधी बॅटरी सोडवतो,” टपालराव म्हणाले आणि सोडवली.

कडक इस्त्रीचा तो माणूस पाठीवर आडवा होऊन गाडीखाली गेला. आतून त्याने सांगितलं की ही क्लिप तिरकी बसलीय, कुणी गाढवाने लावलीय. टपालरावांनी ते नोंदवून घेतल्यासारखी मान हलवली. त्याने ती क्लिप काढून सरळ बसवली. नंतर बाकीच्या तीनही क्लिपा कुणी न सांगता तपासल्या, कारण आता त्या सगळ्यांखाली त्याची सही होती. गाडी पुन्हा सुरू झाली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. काकूंनी इंजिन गुरगुरेपर्यंत पाय दाबला. जमीन कोरडी राहिली. निरीक्षक पाठीला काळा डाग घेऊन बाहेर आला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, आता कागदाप्रमाणे आहे.

टपालराव कागद हातात धरून उभेच राहिले. कागद पुढे निघून जातो आणि काम मागे राहतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. ते मागून धावत येऊन कागदाला गाठतं, हे मात्र पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना ते थोडंसं नियमबाह्य वाटलं.

काकूंनी शेजारचं दार आतून उघडलं.

“बसा आता. बंद करून चालू करायला लावू नका मला.”

टपालराव बसले. गाडी केंद्राच्या फाटकातून बाहेर पडली आणि घराच्या उलट दिशेला वळली.

“इकडे कुठे?” त्यांनी विचारलं.

“शाळा सुटायची वेळ झालीय,” काकू म्हणाल्या आणि गाडी वस्तीच्या रस्त्याला घातली. आज गुरुवार आहे, शनिवार नाही, हे टपालरावांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी सांगितलं नाही.